फियाट रानात नेऊन ठेवू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, वय ५६. वडिलांनी घेतलेली १९६९ ची फियाट अकराशे आमच्याकडे आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी घराला लागून पत्र्याच्या शेडखाली, बोळाच्या तोंडाशी उभी असते. श्रावणात एका पावसाच्या रात्री कुणीतरी पुढच्या दाराची तिकोनी काच उचकटून आत शिरलं आणि बॅटरी, स्टेपनी, दोन व्हीलकॅप घेऊन गेलं. त्याआधी पंधरा दिवस एक अनोळखी माणूस ‘विकायची आहे का’ विचारत आला होता, मोबाइलवर फोटो काढून गेला. पोलिसांत गेलो नाही, एवढ्याशा सामानाची कोण दखल घेणार? तेव्हापासून रात्री तीनदा उठून गाडी बघतो. दर रविवारी गाडी धुणाऱ्या पोरावर माझा संशय आहे. चावी सोप्यात खिळ्याला असते, तोच काढून घ्यायचा. त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. गाडीचा विमा आहे, कागद अजून वडिलांच्या नावावर आहेत. आता प्रयाग चिखलीला मेहुण्याच्या रानातल्या शेडमध्ये गाडी कुलपात ठेवावी म्हणतो. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाक, डोक्याला ताप नको. आई ८१ वर्षांची. ती म्हणते, ‘त्यांची गाडी माझ्या डोळ्यांसमोरनं हलवायची नाही.’ काय करू?

नमस्कार,

आधी त्या रात्रीकडेच परत जाऊ. चोर गाडीत शिरला होता. १९६९ च्या फियाटला इमोबिलायझर (मूळ चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) नाही, अलार्म नाही. इग्निशनच्या मागच्या वायरी जोडता येणाऱ्याला ती सुरू करायला फार वेळ लागत नाही. अख्खी गाडी हाताशी असताना त्यानं बॅटरी, स्टेपनी आणि व्हीलकॅप उचलले आणि तो निघून गेला. म्हणजे त्याला तुमच्या वडिलांची फियाट नकोच होती. सकाळपर्यंत ज्याचे पैसे होतील असं काहीतरी हवं होतं. तुम्ही ज्या चोराच्या धास्तीनं रात्री तीनदा उठता तो, आणि प्रत्यक्षात येऊन गेला तो, हे दोघे वेगळे आहेत.

हा फरक मी मुद्दाम दाखवते आहे, कारण तुमचा पुढचा सगळा बेत त्या पहिल्या, न आलेल्या चोराभोवती रचलेला आहे. जुन्या गाडीची किंमत ओळखून ती अख्खी पळवणारा माणूस नसतोच असं नाही. पण असा माणूस विरळा. त्याला नंतर गाडी लपवावी लागते, कागद जुळवावे लागतात, आणि रस्त्यावर तर शंभर माणसं वळून बघतात. जास्त करून हात पडतो तो सुट्या भागांवर. बॅटरीत शिसं असतं, ते कुठंही खपतं. व्हीलकॅप, दिव्यांच्या रिंगा, कार्बुरेटर, बोनेटवरचं चिन्ह, हे दुसऱ्या हौशी मालकांना हवं असतं. याच फियाटचं पुढचं रूप म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तीही बंद होऊन पाव शतक होत आलं, नवे भाग निघत नाहीत. तिसरा हात भंगाराचा. त्याच्या लेखी तुमची गाडी म्हणजे सुमारे नऊशे किलो लोखंड. हा तिसरा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण त्याला गाडी चालू करायचीही गरज नसते. गॅसकटर आणि एकांत मिळाला की त्याचं काम होतं. एकदा तुकडे भट्टीत गेले की शोधायला काहीच उरत नाही.

आणि एकांत तुम्ही चिखलीला स्वतःहून देणार आहात. आज बोळाच्या तोंडाशी गाडी नसली तर पहाटे दूध घालायला येणारा विचारेल, ‘आज फियाट कुठं गेली?’ शेजारची वहिनी विचारेल, तालमीतून घामाघूम येणारी पोरं विचारतील. रानातली गाडी गेली तर तुम्हाला कधी कळेल? मेहुण्याला ऊसतोडीच्या गडबडीत शेडकडे बघायला सवड मिळेल तेव्हा. कुलूप चोराला थोडा वेळ थोपवतं, एवढंच. तो वेळ उपयोगी पडायचा तर आवाज ऐकणारं कुणीतरी जवळ लागतं.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तुम्ही लहानपणापासून बघत असाल. तिच्याभोवती बंदोबस्त असतो हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अख्खं कोल्हापूर ती गाडी ओळखतं. तुमची फियाट तुमच्या पेठेत अशीच ओळखली जाते. ही ओळख विकत मिळत नाही आणि रानात नेली की संपते.

शिवाय प्रयाग चिखली! तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला मी महापूर काय सांगायचा? ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला तिथली घरं पाण्यात होती, माणसं आणि जनावरं बाहेर काढावी लागली. त्या धावपळीत बंद पडलेली जुनी मोटार कोण ओढून आणणार? पाण्यात राहिलेल्या गाडीचा पत्रा, वायरिंग, सीट, काहीच धड उरत नाही. पाणी नाही आलं तरी उंदीर आहेतच. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल खराब होतं, ब्रेक धरून बसतात. दोन वर्षांनी ‘नाहीतरी बंदच आहे’ म्हणून भंगारात द्यायची वेळ तुमच्यावरच येईल. आईंचं ऐका, त्यांना डोळ्यांसमोर हवी आहे ती गाडी डोळ्यांसमोरच राहू दे.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं मी एवढ्या कळकळीनं का लिहिते ते कळेल. माझ्या वडिलांची लँब्रेटा स्कूटर १९८७ साली लक्ष्मीपुरीतून चोरीला गेली. चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात तशीच एक असल्याचं कळलं. मी वडिलांबरोबर गेले होते. रंग बदललेला, चेसिस नंबर घासून काढलेला. वडिलांनी गुडघे टेकून फुटबोर्डखाली हात घातला आणि म्हणाले, ‘माझीच आहे. ही पितळी पट्टी मीच रिव्हेट केलेली.’ पट्टी होती. पण त्या पट्टीचा ना फोटो, ना कुठं नोंद. समोरचा हवालदार म्हणाला, ‘पट्टी कुणीबी मारतंय, काका.’ गाडी आमचीच आहे हे पटवायला दीड वर्ष गेलं. तोवर ती उघड्यावर गंजून गेली होती.

म्हणून कुलूप आणायला बाजारात जाण्याआधी एक रविवार कागदाला द्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुसून स्वच्छ करा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. आरटीओत पासिंगच्या वेळी घेतात तसाच छाप घरी ठेवायचा. मग गाडीचे फोटो, आणि नुसते चारी बाजूंनी नव्हेत. डॅशबोर्डला गेलेली चीर, मडगार्डच्या आतलं वेल्डिंग, वडिलांनी केलेली एखादी जुगाड दुरुस्ती, असल्या दुसऱ्या कुठल्या गाडीत नसणाऱ्या खुणांचे जवळून काढलेले फोटो. मग उद्यमनगरात कुणाकडूनही नंबर पंचचा, म्हणजे लोखंडावर ठोकून आकडे उमटवायच्या खिळ्यांचा, संच मागून आणा आणि उरलेल्या व्हीलकॅपच्या आतल्या अंगाला, डायनॅमोच्या ब्रॅकेटवर, जॅकवर, नव्या स्टेपनीच्या रिमवर गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे उमटवा. दर्शनी बाजूला नाही, गाडीचं रूप बिघडवायचं नाही. चोरीचा माल पकडला गेला तर हे चार आकडे तुमच्या बाजूनं बोलतील.

या कागदातच तुमची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. गाडी वडिलांच्या नावावर आहे. उद्या ती खरोखर गेली तर विमा कंपनी विचारेल, मालक कोण? सापडली तर कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला लिहून देऊन ताब्यात घ्यायला, नोंदणीकृत मालक लागेल. तो मालक तीन वर्षांपूर्वी गेला. चोरानं काही करण्याआधीच कागदावर तुमची गाडी बिनमालकाची आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरतात. तो तीन महिन्यांत भरायचा असतो. मुदत टळली आहे, तेव्हा उशिराचं जे काही शुल्क किंवा दंड पडेल तो भरून आता तरी उरका. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा, आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल.

संमती म्हणजे आई आणि भाऊ. तीन वर्षं हे काम का राहिलं, ते कदाचित इथंच असेल. मला चूक ठरवा, पण तुमचं पत्र वाचताना वाटलं की गाडी जाण्याची भीती श्रावणातल्या त्या रात्रीपेक्षा जुनी आहे. भाऊ ‘विकून टाक’ म्हणतो तेव्हाही छातीत तसंच धस्स होत असणार. मग भावाशी हे एकदा सरळ बोलून घ्या. ‘विकायची का?’ हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवूच नका. ‘माझ्या नावावर करतो, खर्च माझा, वडिलांची आठवण दोघांची, तुझी सही पाहिजे’ असं सांगा. त्याला पैशातला वाटा हवा असेल तर तेही उघड होऊ दे, रक्कम ठरवा, हप्त्यानं द्या. पुण्याहून तो डोक्याला ताप म्हणतो, त्यात तुमची काळजीही असेल. रात्री तीनदा उठणारा थोरला भाऊ कुणाला बघवेल?

कागदाचंच आणखी एक. हौशी मंडळी तुम्हाला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायला सांगतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आईंना जोतिबाला किंवा अंबाबाईला न्यायचं असेल तर साधं पासिंग दर ५ वर्षांनी करत राहणंच बरं. त्याबरोबर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावून घ्या. तिचं स्नॅप लॉक तोडल्याशिवाय पाटी निघत नाही.

विम्याची पॉलिसी आज कपाटातून काढा आणि वरची ओळ वाचा. जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा नुसता थर्ड पार्टी विमा असतो, आणि त्यात चोरी येत नाही. ‘विमा आहे’ या भरवशावर कितीतरी लोक वर्षानुवर्षं असतात. ५ वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. तेव्हा मूल्यांकन करून घ्या, फोटो आणि दुरुस्तीची बिलं घेऊन दोन-तीन कंपन्यांच्या कार्यालयात बसा. एखादी नाही म्हणेल, दुसरी बघेल. आणि दोन्ही चाव्या जपा. चोरीचा दावा केला की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.

आता गाडीचं. अॅक्सेसरीच्या दुकानात तुम्हाला पहिल्यांदा गिअर लॉक दाखवतील. तुमच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे, जमिनीवरच्या गिअरचं कुलूप तिला बसणार नाही. स्टिअरिंगपासून पॅडलपर्यंत जाणारा हुकाचा लोखंडी दांडा मिळतो, तो घ्या. दिसणाऱ्या कुलपाचा अर्धा उपयोग दिसण्यातच असतो.

खरं हुकमी काम फुकटात होतं, आणि ते तुमच्या वडिलांच्या पिढीला माहीत होतं. बोनेट उघडा. डिस्ट्रिब्युटरची, मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याची, काळी टोपी दोन स्प्रिंगच्या क्लिपांनी धरलेली असते. अंगठ्यानं क्लिपा मागं सारा, टोपी वायरींसकट बाजूला करा. आत मधोमध रोटर दिसेल, जेमतेम दोन बोटांच्या पेरांएवढा, वर पितळी पट्टी. सरळ वर ओढला की निघतो. तो खिशात टाका, टोपी परत बसवा. आता कुणी कितीही वायरी जोडल्या तरी स्टार्टर फिरेल, इंजिन पेटणार नाही, कारण ठिणगी प्लगपर्यंत पोचणारच नाही. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तेव्हा हे करत जा. रोटर रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, म्हणजे जागा विसरणार नाही.

गाडी ढकलून किंवा टोचन करून नेली तर? त्यालाही साधा इलाज आहे. फियाट मागच्या चाकांवर चालते, गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागची चाकं धरून ठेवतात. मागून उचलली तर हे दोन्ही कामातून जातात. म्हणून गाडी नाक भिंतीकडे करून लावा, पुढची चाकं पूर्ण वळवा आणि मग दांडा अडकवा. वाकडी चाकं सरळ ओढता येत नाहीत, आणि बोनेट भिंतीजवळ असलं की बॅटरीपर्यंत पोचायला चोराला अडचण होते. जागा तुमच्या मालकीची असेल तर मागच्या बाजूला काँक्रीटमध्ये रोवलेला, घडी होणारा लोखंडी खांब बसवून घ्या. उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. बोळाच्या सार्वजनिक जागेत मात्र रोवू नका, दुसरं भांडण उभं राहील. तिकोनी काचेचा खटका आणि रबर बदला. नवी काच बसवून ढिला खटका तसाच ठेवला तर काहीच साधलं नाही.

जीपीएस ट्रॅकर लावा, पण नव्या गाडीवर लावतात तसा नको. ट्रॅकर सतत वीस मिलीअँपिअर खातो असं धरलं तर महिन्याला साडेचौदा अँपिअर-तासांच्या आसपास जातात. तुमची बॅटरी पस्तीसेक अँपिअर-तासांची असेल तर महिनाभर उभ्या गाडीची चाळीस टक्के वीज ट्रॅकरनंच संपवली. त्यात कुणी बॅटरीची वीज तोडणारा कट-ऑफ स्विच सुचवेल. तोही चांगला, पण तो बंद केला की ट्रॅकरही बंद पडतो. म्हणून स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर घ्या किंवा त्याची वायर स्विचच्या आधी जोडून घ्या, मध्ये फ्यूज टाकून. सिमचं रिचार्ज संपलं की तो नुसती डबी होतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि शेडला हालचालीवर लागणारा दिवा आणि एक कॅमेरा. तुमच्या उठण्याचं काम त्यांना करू दे. दिवा लागला तर बघा, नाहीतर झोपा. वयाच्या ५६ व्या वर्षी झोप मोडण्याची किंमत बॅटरीहून जास्त आहे.

विकायची का विचारणाऱ्या माणसाचं: तो चोरच होता असं म्हणता येणार नाही. जुन्या गाड्या बघत फिरणारे खरे हौशीही असतात. पण यापुढे कुणी आलं तर आधी त्याचं नाव, नंबर घ्या, त्याचाही एक फोटो काढा. खरा हौशी माणूस रागावणार नाही. गाडी रात्री कुठं असते, चावी कुठं, कुणी चालवतं का, हे सांगायचं नाही. कोल्हापुरात शूटिंगसाठी जुन्या गाड्या मागायला लोक येतात, हल्ली लग्नाच्या फोटोंसाठीही येतात. द्यायला हरकत नाही, पण गाडीबरोबर तुम्ही जायचं आणि चालवायचीही तुम्हीच.

पोलिसांत अजूनही जा. महिना झाला म्हणून काही बिघडत नाही. बॅटरीचं बिल असेल तर ते, नसेल तर वर्णन, व्हीलकॅपचे जुने फोटो, तिकोनी काचेचा फोटो, सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. आता तक्रार ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तुमच्याच पेठेत त्या महिन्यात आणखी चार बॅटऱ्या गेल्या असतील तर त्या एकत्र जोडल्या जायला प्रत्येकाची तक्रार हवी. आणि पुन्हा कधी रात्री कुणी शेडमध्ये दिसलं तर काठी घेऊन एकटे उतरू नका. दिवा लावा, ओरडा, ११२ लावा.

राहिला तो पोरगा. तुम्हीच लिहिलं आहे की चावी सोप्यात खिळ्याला असायची आणि धुवायला तोच काढून घ्यायचा. मग सांगा, ज्याला चावी कुठं असते हे ठाऊक आहे, जो दर रविवारी ती हातात घेतो, तो भर पावसात तिकोनी काच कशाला उचकटेल? चावीचा छाप घ्यायला त्याला किती रविवार मिळाले होते! काच उचकटून आत शिरणारा तुमच्या घरचा नव्हता. शिवाय बॅटरी आणि स्टेपनी एकट्यानं उचलून पेठेतून चालत जाण्याचं ते सामान नाही, कुणाकडे तरी वाहन होतं. खात्री कुणालाच देता येणार नाही, मलाही नाही. पण तुमच्याकडे असलेला एकमेव पुरावा त्याच्या बाजूचा आहे. तो मात्र महिनाभर पेठेत ‘फियाटवाल्यांनी काढून टाकला’ हे ऐकत फिरतो आहे.

या रविवारी त्याच्या घरी जा. निरोप धाडू नका, स्वतः जा. चुकलं म्हणून सांगा आणि गाडी धुवायला बोलवा. दसरा जवळ आलाय, झेंडूची माळ घालून आईंना गाडीतून एक फेरी मारून आणायची आहे, तेव्हा ती चकचकीत हवी. चावी आता खिळ्याला नसेल, ती तुमच्या हातानं त्याच्या हातात द्या.